दहा झोक्यांची बिगरी

त्रेचाळीस लेकरं एकाच वेळी रडताना कुणी ऐकली आहेत का? मी ऐकली आहेत. कंधारच्या शाळेत, नोकरीच्या पहिल्या दिवशी. त्या दुपारी मन्याड नदीला लोंढा आला. तो वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. लोंढा निघाला तिथं मी स्वतः उभा होतो.

रडण्याचं कारणही मीच होतो. लातूरच्या तालमीत पाच वर्षं माती अंगाला लावलेला, सव्वासहा फूट उंचीचा, मिशा अशा की दोन्ही टोकांवर एकेक चिमणी बसावी. मी अर्ज केला होता ड्रिल मास्तरच्या जागेसाठी. निजामाच्या राज्यात अर्ज एका दारातून आत जाई आणि हुकूम दुसऱ्याच दारातून बाहेर येई. माझा हुकूम आला तो मुदर्रिस म्हणून, म्हणजे साधा शिक्षक, मुक्काम कंधार. तिथल्या हेडमास्तरांनी, गुंडेरावांनी, मला खालून वर पाहिलं. वरपर्यंत पोचायला त्यांना जरा वेळ लागला.

"पैलवान आहात?"

"व्हय साहेब."

"मग बिगरी घ्या. बाकीच्या वर्गांत शिकवावं लागतं."

बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष. पाच-सहा वर्षांची पोरं. पुस्तक नाही, परीक्षा नाही, पास-नापास नाही. सरकारी कागदात त्याला लांबलचक उर्दू नाव होतं, ते गुंडेरावांनाही एका दमात म्हणता येत नसे. आज त्याच वर्षाला केजी म्हणतात आणि त्यासाठी आईबापांची मुलाखत घेतात. मागच्या जूनमध्ये नांदेडला माझ्या नातीसाठी अशीच मुलाखत झाली. तिथल्या बाईंनी विचारलं, "मुलीचे आजोबा काय करायचे?" माझा मुलगा म्हणाला, "शिक्षक होते." "कोणत्या वर्गाला?" तेव्हा हा माझा कर्तासवरता, बँकेतला मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "लहान मुलांना."

त्या खाली आणलेल्या आवाजासाठी हा लेख लिहून राहिलोय. अरे, लहान मुलांना! मॅट्रिकच्या पोरांना कुणीही शिकवील. ती बसलेली तरी असतात.

तर पहिला दिवस. त्रेचाळीस पोरं रडतायत. मी तालमीतला आवाज लावला, "गप्प!" माझ्या आवाजाबद्दल कंधारात अशी बोलवा आहे की किल्ल्याच्या तटाचा एक चिरा त्याच दिवशी खाली आला. इतिहासवाले तो दुसऱ्याच कुणाच्या नावावर लावतात. पोरं मात्र गप्प झाली नाहीत. उलट पुढच्या रांगेतल्या चौघांखालची जमीन ओली झाली. काय करावं सुचेना. पाच वर्षांत ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त लाज वाटायची, तीच मग मी केली. जमिनीवर आडवा झालो, पाठ टेकून, सपशेल चीत.

हळूहळू रडं थांबलं. पोरं जवळ आली. हे एवढं मोठं माणूस पडलंय कसं, ते बघायला. एका चिमुरड्यानं माझी मिशी ओढून पाहिली. मी "अयाया!" केलं. तो हसला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हसली. त्या दिवशी मी जो धडा शिकलो तो ट्रेनिंग कॉलेजातही कुणी शिकवत नाही. बिगरीच्या मास्तरानं उभं राहून शिकवू नये. लेकराला आईचं तोंड माहीत असतं ते आपल्या तोंडाजवळ. सहा फूट वरचं तोंड त्याला तोंड वाटतच नाही.

एक चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही. हजेरीच्या पटावर नावं असायची भगवान, विश्वनाथ, चंद्रकला. घरी ही पोरं बंडू, काळ्या, नकुशी. आपलं पटावरचं नाव भगवान आहे, हे भगवानला कुणी सांगितलेलंच नसे. मी रोज पुकारायचो, "भगवान!" कुणी ओ द्यायचं नाही. मी गैरहजेरी लावायचो. महिना असा गेला. गुंडेरावांनी बापाला बोलावून घेतलं, बापानं पोराला शाळेच्या ओट्यावरच बडवलं, "कामून ऱ्हातो रे घरी?" ते पोर महिनाभर रोज माझ्या पुढ्यात, पहिल्या रांगेत बसलेलं होतं. मिशी ओढणारं तेच. मार खाताना ते माझ्याकडं बघत होतं. मास्तर सांगतील, म्हणून. मी धावलो, मध्ये पडलो, पण दोन तडाखे बसून गेले होते. दुसऱ्या दिवसापासून मी पट बंद केला आणि पंधरा दिवस एकच विषय शिकवला, आपलं नाव. तुला पुकारलं की तू आहेस, हे एकदा लेकराला कळलं की पुढचं सगळं शिकवता येतं. ते कळलं नाही तर वर कितीही ओता, खालून वाहून जातं.

त्याच पावसाळ्यात एक बाई वर्गाच्या दारात उभी राहिली. राधाबाई तिचं नाव. नवरा एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालानं कामाला, ही निंदणी-वेचणीला. हाताला धरलेली सहा वर्षांची पोरगी, आणि त्या पोरीच्या कमरेवर आठ महिन्यांचा भाऊ. पोरीची कमर ती केवढी! भाऊ घसरायचा, ती हिसका देऊन वर घ्यायची.

"मास्तर, ही गोदी. हिला घ्या शाळंत."

"घेऊ की. लेकरू घेऊन जा तेवढं."

"त्याला कुठं न्यू? म्या रानात जाती. हीच बघती त्याला. घ्यायची तर दोघं घ्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

मी गोदीला विचारलं, "काय गं, येतीस का?" गोदी माझ्याकडं बघत राहिली.

"बोलत न्हाई ती," राधाबाई म्हणाली. "घरी बी न्हाई. सासू म्हणती मुकी हाय, शाळा कशाला? वासरामागं घाला. म्या म्हणलं वरीसभर बघू. शाळंत बोलली तर पुढं पहिलीत घालू. न्हाई तर हायेतच वासरं."

म्हणजे त्या पोरीचा सगळा जन्म एका वर्षावर लावलेला, आणि ते वर्ष माझ्या हातात! मी दोघांनाही घेतलं. पट एकाचा, लेकरं दोन.

आता भावाला, मारत्याला, ठेवायचं कुठं? खोलीच्या मध्यावर सागवानी तुळई होती. राधाबाईनं जुनं लुगडं दिलं, तिच्या नवऱ्यानं अंबाडीची दोरी वळून दिली, आणि मी बिगरीच्या वर्गात झोळी टांगली. झोळीला दोरी, दोरीला गोदी. पोरगी बसल्या जागेवरून झोका द्यायची आणि माझ्याकडं टकामका बघायची.

दोन दिवसांत बाकीच्या त्रेचाळीसांना दुसरं काही सुचेना. प्रत्येकाला झोका द्यायचा होता. दोरीसाठी अशी मारामारी झाली की आमच्या लातूरच्या आखाड्यात जत्रेच्या दिवशीही झाली नसेल. तेव्हा मी कायदा केला. प्रत्येकाला दहा झोके. मोजायचे सगळ्यांनी, मोठ्यानं. दहा झाले की दोरी शेजारच्याच्या हातात. ज्याची पाळी झाली तो शेवटाला जाऊन बसेल. अकरावा झोका घेईल तो चोर.

मी कायदा केला होता मारामारी थांबवायला. पण आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की माझी सगळी शाळा त्या दोरीला लटकलीय. पोरं मोजायला शिकली, कारण दुसऱ्यानं अकरावा घेऊ नये यावर सगळ्यांचा डोळा होता. थांबायला शिकली, कारण पाळी येणार याची खात्री होती. आणि एक गंमत बघा. दोरी जोरात ओढली की झोळीतला मारत्या रडायचा, मग सगळा वर्ग ओढणाऱ्याला शिव्या द्यायचा. म्हणून पोरांचा हात हलका झाला. पुढच्या वर्षी पहिलीचे मास्तर म्हणाले, "पैलवान, तुमच्या पोरांच्या पेन्सिली मोडत नाहीत." कशा मोडतील? ज्या हातानं निजलेलं लेकरू हलवलं, तो हात पाटीवर रेघ ओढताना कशाला दांडगाई करील?

खुद्द मारत्याचं सांगतो. दहाव्या झोक्याला दोरी हातातून हातात जायची, तेव्हा झोळी क्षणभर थांबायची. दिवसातून पन्नास वेळा त्याच्या कानावर "दहा!" पडून झोळी थांबली. त्या पोराचा पहिला शब्द आई नाही, बाबा नाही, "धा"! हे खोटं वाटत असेल त्यानं माझ्याकडं यावं. मी आणखी सांगीन.

फक्त गोदी बोलेना. पाळी आली की दोरी घ्यायची, दहा झोके बरोबर द्यायची, एक कमी नाही, एक जास्त नाही, पण तोंड मिटलेलं. हजेरीला नुसता हात वर. मी नकला केल्या, घोडा झालो, तिच्या पुढं कोंबड्यासारखा आरवलो. शेजारच्या वर्गातली पोरं हसून हसून बेजार झाली. गोदीच्या तोंडाची फट उघडली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा गेला. राधाबाई रोज संध्याकाळी भावंडांना न्यायला यायची आणि दारातूनच भुवया वर करायची. मी मान हलवायचो. ती मारत्याला कमरेवर घ्यायची.

चैत्रात गुंडेरावांनी मला बोलावलं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीची, म्हणजे सक्तीची, ज्वारी गोळा करून राहिलं होतं आणि ती ठेवायला गावात जागा नव्हती.

"तहसीलदारसाहेबांना एक खोली पाहिजे," गुंडेराव म्हणाले. "बिगरीची द्यायची, असं ठरल्यात जमा आहे. पुढच्या आठवड्यात मोहतमिमसाहेब दौऱ्यावर येतायत. त्यांची सही झाली की पोती आत."

मोहतमिम म्हणजे शाळाखात्याचे मोठे तपासनीस. त्यांच्या एका सहीनं शाळा उघडत आणि बंद होत.

"आणि पोरं, साहेब?"

"पोरं घरी. पुढच्या साली सरळ पहिलीत येतील. एक वर्ष इथं रडण्यापेक्षा घरी रडतील, काय बिघडलं?"

"साहेब, पहिलीत येऊन तेच रडतील."

"मग दाखवा तुम्ही मोहतमिमसाहेबांना. काय दाखवणार? झोळी?" गुंडेराव स्वतःच्याच विनोदावर हसले. मग त्यांनाच जरा वाईट वाटलं असावं. "बघा पैलवान, पोरांनी पन्नासापर्यंत गिनती घडाघडा म्हटली, तर मी एक शब्द टाकीन. पण ती झोळी काढा आधी. सरकारी मदरसा आहे, शाळा, बाळंतिणीची खोली नव्हे."

इथं मी माझ्या हयातीतली दुसरी मोठी चूक केली. झोळी काढली. राधाबाईला सांगितलं, तपासणी होईपर्यंत मारत्याला घेऊन जा. आणि आठ दिवस उभा राहून, हातात छडी घेऊन, पोरांकडून पन्नास घोकून घेतले. पोरं म्हणायची, पण माझ्या मिशीकडं बघत. मिशी हलली की पुढचा आकडा.

तपासणीच्या दिवशी ऊन असं होतं की किल्ल्याच्या खंदकातले बेडूक सावलीसाठी शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. साहेबांना उकडू नये म्हणून गुंडेरावांनी तहसील कचेरीतला कापडी पंखा मागून आणला होता. वर आडवा टांगायचा आणि दोरीनं ओढायचा, तसला. टांगायला सोयीची तुळई एकच, आमची. आणि दोरी? पंख्याची दोरी कचेरीतच राहिली होती. कोपऱ्यात अंबाडीची दोरी पडलेली दिसली, गुंडेरावांनी ती बांधली. ओढायला चांदभाई चपराशी. चांदभाई बिलोलीकडचा, देहानं एवढा वाळका की वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड ठेवून फिरायचा.

मोहतमिमसाहेब आले. काळी शेरवानी, तुर्की टोपी, पिकलेली दाढी. पोरांनी शिकवल्याप्रमाणे सलाम केला. साहेबांनी पहिला हुकूम माझ्याकडं बोट करून सोडला, "उस्ताद बाहर."

गेली माझी मिशी! मी दाराबाहेर उभा राहिलो. बाहेर लिंबाखाली राधाबाई उभी, कमरेवर मारत्या. काम सोडून आली होती. मला म्हणाली, "आज वर्गच बंद हुईल म्हनत्यात. खरं काय?" मी दाराकडं कान लावला.

आतून साहेबांचा आवाज आला, "हां बच्चो, गिनती सुनाओ."

काही नाही.

"गिनती! एक, दो. चलो."

एक हुंदका ऐकू आला. माझ्या कानाला त्याची ओळख होती. एक फुटला की त्रेचाळीस फुटतात. गुंडेराव म्हणत होते, "हुजूर, बहुत छोटे हैं, हुजूर." साहेब म्हणाले, "तो फिर यहाँ कर क्या रहे हैं?" कागद उलगडल्याचा आवाज आला. सहीचाच कागद तो. गुंडेरावांना घाम फुटला असणार, कारण ते ओरडले, "चांद! पंखा!"

चांदभाईनं दोरी ओढली. तुळई करकरली.

त्या करकरण्यावर एक बारीक आवाज आला, "एक."

चांदभाईनं पुन्हा ओढली. "दोन," चार-पाच आवाज. "तीन," दहा-बारा. सातपर्यंत अख्खा वर्ग. "दहा!" असा काही गर्जला की मी दारातून आत डोकावलोच. चांदभाईला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्यानं अकराव्यांदा ओढली.

"चोर! चोर!" सगळा वर्ग उभा.

"या अल्ला! मैं क्या चुराया?" चांदभाईनं दोरी सोडली. पहिल्या रांगेतला भगवान, तोच आमचा महिनाभर गैरहजर असलेला, सरळ उठून त्याच्याकडं गेला आणि दोरी हातात घेऊन म्हणाला, "तुमचे धा झाले. शेवटाला बसा." चांदभाई जाऊन शेवटाला बसला!

भगवानचे दहा झाले, दोरी शेजारच्या चंद्रकलेकडं. तिचे दहा, मग तिच्या शेजारच्याकडं. ना ढकलाढकली, ना रडं. पंखा असा सावकाश, एका लयीत हलत होता की साहेबांच्या दाढीचा एकेक केस वेगळा दिसत होता. साहेबांच्या हातातला कागद तसाच राहिला. त्यांनी मला बोटानं आत बोलावलं. "ये क्या तमाशा है?"

मी सांगितलं. झोळी सांगितली, मारत्या सांगितला, अकरावा झोका सांगितला. ज्याला घरी ताटातली भाकरी हिसकून घ्यायची सवय, ते पोर इथं चाळीस जणांमागं बसून वाट बघतं, हे सांगितलं. गुंडेराव मागून माझा सदरा ओढत होते. सव्वासहा फुटांचा माणूस सदरा ओढल्यानं थांबत नसतो.

साहेबांच्या डोळ्यांत काहीतरी मिश्कील आलं. ते उठले, आणि "लाओ, हम भी देखें," म्हणत दोरीला हात घालायला पुढं झाले.

दोरी तेव्हा गोदीकडं आली होती. तिचे तीन झोके झाले होते. तिनं दोरी पाठीमागं लपवली, मान वर केली, पार वर, तुर्की टोपीच्या गोंड्यापर्यंत, आणि म्हणाली,

"मागं बसा. पाळी आली की सांगती."

किल्ल्यावरची कबुतरं उडता उडता जागच्या जागी थांबली. गुंडेराव पांढरे पडले. माझं म्हणाल तर, मी आयुष्यात एकदाच वर्गात रडलो, ते तेव्हा, आणि सव्वासहा फुटांवरून रडलो.

"क्या कहा बच्ची ने?" साहेबांनी विचारलं.

गुंडेराव घाईनं म्हणाले, "हुजूर, बच्ची हुजूर का शुक्रिया..."

मी म्हटलं, "हुजूर, वो कह रही है, पीछे बैठिए. बारी आएगी तो बताऊँगी."

माझी नोकरी, वर्ग, सगळं त्या दोरीला टांगलेलं होतं. मग साहेबांनी शेरवानीची टोकं सावरली, शेवटाला गेले आणि चांदभाईच्याही मागं जमिनीवर मांडी घालून बसले. गोदीनं राहिलेले सात झोके दिले. मोजून. आणि मोठ्यानं! "चार, पाच, सहा." तिचा आवाज जरा घोगरा होता, बरेच दिवस बंद असलेल्या दाराच्या बिजागरीसारखा.

साहेब आपली पाळी येईपर्यंत बसले. पुढं कंधारात लोक सांगायचे की पाचच मिनिटं बसले आणि उठले. सांगणारे तिथं नव्हते. मी होतो. पाळी आली तेव्हा गोदीनंच जाऊन सांगितलं, "या." साहेबांनी दहा झोके दिले आणि दोरी सोडून दिली. अकराव्याला हात लावला नाही.

जाताना त्यांनी गुंडेरावांना विचारलं, "ज्वारी को सब्र सिखाना पड़ता है क्या?"

"जी नहीं, हुजूर."

"तो उसे आप अपने कमरे में रखिए."

सहीचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. शेऱ्यांच्या वहीत उर्दूत दोन ओळी लिहिल्या: या वर्गात मुलं थांबायला शिकतात, वर्ग चालू राहावा आणि झोळी पुन्हा टांगावी. त्या पावसाळ्यात गुंडेराव पोत्यांच्या थप्पीत बसून काम करायचे. ज्वारीचे सोंडे त्यांच्या टोपीवर फिरायला निघत. मी रोज सकाळी सलाम करायला मुद्दाम तिथंच जात असे. शिक्षकानं नम्र असावं.

पण मी सांगत होतो ते राधाबाईचं. मी बाहेर आलो तर ती लिंबाखाली खाली बसली होती. मारत्या मातीत खेळत होता.

"बोलली," ती म्हणाली. "मास्तर, बोलली माझी लेक. अन् बोलली ती बी साहेबाला!"

सासूला मात्र पटेना. तिनं गोदीला पुढ्यात बसवून फर्मावलं, "बोल बगू." गोदी गप्प. राधाबाई मला बोलवायला आली. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून एकदाच सांगितलं, "म्हातारे, बोलली गं, मी ऐकलं!" माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. किनवटच्या जंगलातल्या वाघांनाही ती बातमी त्याच दिवशी कळली. गोदी जूनमध्ये पहिलीत बसली.

आता जे सांगायला नको वाटतं ते. गोदी पहिली शिकली, दुसरी शिकली. मग रझाकारांचे दिवस आले, शाळा बंद पडली, माणसं गावं सोडून सरहद्दीपलीकडं गेली. मी परत आलो तेव्हा खोली होती, तुळई होती, राधाबाईचं घर नव्हतं. कुणी म्हणालं मुखेडकडं गेले, कुणी म्हणालं पोरीचं लग्न झालं. नऊ-दहा वर्षांची असेल. मी पुढं लातूरला, नांदेडला, जिथं गेलो तिथं बिगरीच मागून घेतली. सोबतचे हेडमास्तर झाले, एक-दोन साहेब झाले. माझ्या हाताखालून गेलेल्यांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, एक आमदारही आहे. त्याचं नाक मी पुसलंय, पण तो थांबायला शिकला नाही. ती माझी हार मी मान्य करतो. पण त्यांचं चांगलं झालेलं दिसलं की मनात यायचं, दुसरीच्या पुढं गोदीला काही मिळालं नाही. एका वर्षाचं काय राहिलं असेल तिच्यापाशी?

बहात्तरच्या दुष्काळात नांदेडला आमच्या वस्तीत पाण्याचा टँकर येई. शेदीडशे माणूस, घागरी, डबे, बादल्या. पहिल्या दिवशी डोकी फुटली. चौथ्या दिवशी मी गेलो तर काय, सगळी ओळीत! टँकरच्या तोटीशी एक चाळिशीकडं आलेली बाई पदर खोचून उभी. प्रत्येकाला एक घागर, घागर भरली की तो शेवटाला. कुणी दोन डबे पुढं केले की आजूबाजूच्या बायकाच ओरडायच्या.

मी म्हातारा, त्यात मास्तर. निम्मी वस्ती मला गुरुजी म्हणते. तेव्हा मी बादली घेऊन सरळ तोटीपाशी गेलो. सवयच झाली होती, लोक जागा द्यायचे.

बाईनं तोटीवर हात ठेवला. मान वर केली, पार वर, माझ्या मिशांपर्यंत. आता त्या पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं त्या नीट पाहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ओठाच्या कोपऱ्यात तिला हसू आलं, तिनं ते गिळलं.

"मागं उभं ऱ्हावा, मास्तर," ती म्हणाली. आवाज जरा घोगरा होता. "पाळी आली की सांगती."

मी बादली उचलली आणि एकशेवीस माणसांच्या मागं, उन्हात, जाऊन उभा राहिलो. लोक म्हणाले, गुरुजी, पुढं या की. मी म्हटलं, गप्प बसा. माझी पाळी यायची आहे.